बारा मिनिटांसाठी बारा महिने

दोस्तांनो, तुमच्या शाळेत बँड आहे का? असेल, तर तो कधी वाजतो हे तुम्हाला पाठ असेल. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, क्रीडा महोत्सवाचे संचलन आणि कुणी बडे पाहुणे आले तर त्यांचे स्वागत. पंधरा दिवस आधी पी.टी.चे सर कपाट उघडतात, धूळ झटकून ड्रम बाहेर निघतात, बिगुलाला ब्रासो लावून चकाकी आणली जाते. सरावाच्या निमित्ताने बँडवाल्यांचा एखादा गणिताचा तास बुडतो आणि बाकीचे वर्गात बसून त्यांचा हेवा करतात. कार्यक्रम झाला, की कपाट पुन्हा बंद!

आता अशी कल्पना करा, की हे कपाट वर्षभर बंदच होत नाही. शाळा सुटली की रोज बँड. उन्हाळ्याच्या सुटीतही बँड. आणि हे सगळे कशासाठी? तर रंगमंचावरच्या फक्त बारा मिनिटांसाठी. खोटं वाटतं? मग चला माझ्याबरोबर जपानला.

जपानमध्ये शाळेच्या बँडला ‘सुइसोगाकु’ म्हणतात. अर्थ सरळ आहे : फुंकून वाजवायचे संगीत. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि जोडीला ढोल-झांजांचा सगळा परिवार. फुंकायची नसलेली एक मोठी व्हायोलिनसारखी वाद्यबाईही त्यांच्यात उभी असते. तिचे नाव डबल बास. ती तिथे कशी, असे विचारू नका, तिच्याशिवाय बँडच्या आवाजाला पाया येत नाही एवढे खरे.

ही वाद्ये काही मूळची जपानी नव्हेत. १८६९ मध्ये सात्सुमा प्रांतातले तीसेक तरुण योकोहामाला आले आणि जॉन विल्यम फेंटन नावाच्या ब्रिटिश लष्करी बँडमास्तरांकडे शिकू लागले. वाद्ये लंडनहून बोटीने यायची होती, ती १८७० मध्ये पोचली. जपानी माणसांचा हा पहिला लष्करी बँड. पुढे १८८७ मध्ये हामामात्सु गावातल्या एका शाळेची बिघडलेली ऑर्गनची पेटी दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाचे एक कारागीर आले. दुरुस्ती करता करता त्यांनी ठरवले, की अशी पेटी आपणच का बनवू नये? होय, तेच यामाहा! आपल्याकडे मोटारसायकलमुळे घराघरात पोचलेले. मोटारसायकली त्या नावाने १९५५ पासून निघू लागल्या, पण वाद्ये आधीची. यामाहाचे बोधचिन्ह कधी नीट पाहिले आहे का? एकमेकांत गुंफलेले ते तीन चिमटे म्हणजे सूर जुळवण्याचे ट्यूनिंग फोर्क आहेत. आता रस्त्यात दिसली गाडी, की बघा.

तर आपल्या बँडचे वर्ष. जपानमध्ये शाळा जूनमध्ये सुरू होत नाही, एप्रिलमध्ये होते. त्यांचे हायस्कूल तीन वर्षांचे, म्हणजे साधारण आपली दहावी, अकरावी, बारावी. पहिल्या आठवड्यात सगळ्या क्लबांची झुंबड उडते. बेसबॉलवाले, चहा-विधीवाले, कॅलिग्राफीवाले, सगळे नव्या मुलांना आपल्याकडे ओढत असतात. बँडवाले काय करतात? पटांगणात किंवा सभागृहात नव्या सिनेमांची गाणी वाजवतात. मग काय, मुले आपोआप गोळा होतात!

पण नाव नोंदवले म्हणजे हवे ते वाद्य मिळाले असे नाही हं. सगळ्यांना हवी असते बासरी, नाही तर सॅक्सोफोन. ट्रम्पेटलाही मागणी असते. ट्यूबा मात्र सहसा कुणी मागत नाही. दहा किलोच्या आसपास वजन, मांडीवर घेतला की मूल मागे दिसेनासे होते, आणि बोलतो तरी काय, तर ‘पूम, पूम’. म्हणून मुलांना प्रत्येक वाद्याचे तोंडाशी धरायचे टोक फुंकून बघायला देतात. ओठ कसे आहेत, फुंक कशी आहे, हे पाहतात आणि मग वाटणी होते. कितीतरी मुले बासरी मागतात आणि युफोनियम घेऊन घरी जातात. युफोनियम हे नावही जिने ऐकले नव्हते ती मुलगी पुढची तीन वर्षे त्याच्यासाठी जीव टाकते, असेही होते. २०१३ मध्ये आयानो ताकेदा या लेखिकेची याच वाद्याभोवती गुंफलेली एक कादंबरी आली, २०१५ मध्ये तिच्यावर कार्टून मालिका निघाली, आणि मग या बिचाऱ्या वाद्याला जरा बरे दिवस आले.

यानंतर जो काळ येतो तो फार कंटाळवाणा असतो. गाणे नाही, धून नाही. एकच सूर. मेट्रोनोमची टिकटिक चालू असते आणि आठ टिकटिकींपर्यंत तो सूर हलू द्यायचा नाही, थरथरू द्यायचा नाही, शेवटी मरूही द्यायचा नाही. याला ते ‘लाँग टोन’ म्हणतात. आपल्याकडे गाणे शिकणाऱ्यांना गुरुजी पहाटे खर्ज लावायला बसवतात ना, तसेच. समोर सूर मोजणारे यंत्र असते, त्याचा काटा जरा वर गेला की सूर चढला, खाली गेला की उतरला. पहिले काही दिवस काटा नुसता नाचत असतो. डोके गरगरते, गाल दुखतात, ओठ सुजल्यासारखे वाटतात. शिकवायला मात्र सर समोर नसतात. एक वर्ष पुढे असलेली ताई किंवा दादा शिकवतो. त्यांना म्हणतात ‘सेनपाई’, आणि धाकट्यांना ‘कोहाई’. वाद्य पुसायचे कसे, पेटीत ठेवायचे कसे, सांगितलेले समजले तर उत्तर मोठ्याने द्यायचे, हे सगळे सेनपाईच शिकवतात. क्लबचा अध्यक्ष विद्यार्थी, प्रत्येक वाद्याच्या गटाचा म्होरक्या विद्यार्थी. शाळा सुटल्यावर हे गट रिकाम्या वर्गांत, जिन्यात, व्हरांड्यात पांगतात आणि अख्खी इमारत एखाद्या सुरात न लागलेल्या तंबोऱ्यासारखी गुंजत राहते. शेजारी राहणाऱ्यांचे काय होत असेल, देव जाणे!

आणि आता मुख्य गोष्ट. स्पर्धा.

१९४० मध्ये जपानमध्ये देशपातळीवरची बँड स्पर्धा सुरू झाली. मधे युद्धामुळे बंद पडली, ती १९५६ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिचे नियम ऐका. दरवर्षी संघटना काही नव्या रचना जाहीर करते. त्यांतली एक प्रत्येक बँडने वाजवायचीच. तिच्या जोडीला आपल्या आवडीची एक रचना. आल्फ्रेड रीड या अमेरिकन संगीतकाराच्या ‘आर्मेनियन डान्सेस’ सारख्या रचना तिथल्या शाळांनी वर्षानुवर्षे वाजवल्या आहेत. दोन्ही मिळून वेळ किती? बारा मिनिटे. बारा मिनिटे आणि काही सेकंद झाले तर? बँड बाद. कितीही सुंदर वाजवले असले तरी बाद. म्हणून मोठी रचना घेतली तर कुठे कात्री लावायची, हेही आधी ठरवावे लागते, आणि घड्याळ लावून तालीम होते.

दुसरा नियम जास्त कठोर आहे. हायस्कुलांच्या मुख्य गटात रंगमंचावर जास्तीत जास्त ५५ वादक.

आता तुम्हीच गणित करा. मोठ्या शाळांच्या बँडमध्ये शंभराहून अधिक मुले असतात. मग निम्म्यांनी करायचे काय? जूनच्या सुमारास शाळेतल्या शाळेत चाचणी होते. प्रत्येकाने सरांपुढे एकट्याने वाजवायचे. काही शाळांत तर पडद्याआड वाजवून घेतात, म्हणजे कोण वाजवते आहे ते दिसायला नको. मग यादी वाचली जाते. कधी असे होते, की पहिल्या वर्षाची पोर यादीत असते आणि तिला वाद्य धरायला शिकवणारी तिसऱ्या वर्षाची सेनपाई नसते. त्या सेनपाईचे हे शेवटचे वर्ष. पुढच्या वर्षी तिला संधी नाही, तिची शाळाच संपणार. त्या दिवशी त्या दोघी एकमेकींशी काय बोलत असतील? दुसऱ्या दिवशी मात्र दोघींना पुन्हा एकाच वर्गात, एकाच मेट्रोनोमपुढे बसायचे असते.

ज्यांची नावे नसतात ती घरी जात नाहीत. स्पर्धेच्या दिवशी तीच मुले टिंपानीचे मोठाले तांब्याचे नगारे, झायलोफोन, बास ड्रम वरच्या मजल्यावरच्या संगीताच्या खोलीतून जिने उतरवून ट्रकमध्ये चढवतात. सभागृहात पोचल्यावर ठरलेल्या थोड्या मिनिटांत सगळे मांडायचे, वाजवून झाले की उचलायचे, कुठे ठोकर लागू द्यायची नाही. मला विचाराल तर हे काम वाजवण्याइतकेच अवघड आहे. टाळ्या मात्र त्यांना मिळत नाहीत.

जुलैअखेरीपासून स्पर्धा सुरू होतात. आधी आपल्या प्रांताची, त्यातून निवडलेल्यांची विभागाची, आणि त्यातून निवडलेल्यांची ऑक्टोबरमध्ये देशाची. प्रत्येक पायरीवर प्रत्येक बँडला काही ना काही मिळतेच : सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य. सुवर्ण एकालाच असते असेही नाही, कित्येकांना मिळते. इथे एक गंमत आहे. जपानी भाषेत सोने म्हणजे ‘किन’ आणि चांदी म्हणजे ‘गिन’. भरल्या सभागृहात, छातीत धडधडत असताना, माईकवरून ‘किन’ ऐकू आले की ‘गिन’, कसे कळणार? म्हणून निकाल वाचणारे सुवर्णाच्या आधी चक्क इंग्रजी शब्द जोडतात. ‘गोल्ड, किन’! त्यामुळे ‘गो’ एवढे ऐकू आले की पुढचे कुणी ऐकतच नाही, किंकाळ्यांनी सभागृह दणाणते.

पण थांबा. सुवर्ण मिळाले म्हणजे पुढच्या फेरीत गेलात असे नाही! सुवर्ण मिळालेल्यांतले मोजकेच पुढे जातात, आणि ती नावे नंतर वाचतात. सुवर्ण मिळूनही जे मागे राहतात त्यांच्या सुवर्णाला मुलांनी एक नाव ठेवले आहे : ‘दामे-किन’. म्हणजे वाया गेलेले सोने. पाच मिनिटांपूर्वी आनंदाने रडणारी मुले पाच मिनिटांनी दुसऱ्याच कारणाने रडत असतात. आणि तिसऱ्या वर्षाच्या कित्येक मुलांचे बँडमधले दिवस तिथेच, त्या खुर्चीतच संपतात. पुढे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा उभ्या असतात ना!

या सगळ्या धामधुमीत ऑगस्टमध्ये आणखी एक काम अंगावर येते. बेसबॉल! आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, ते तिकडे शालेय बेसबॉलचे. कोबे आणि ओसाकाच्या मधे निशिनोमिया गावात कोशिएन नावाचे मैदान आहे, १९२४ मध्ये बांधलेले. तिथे देशभरातल्या हायस्कुलांची स्पर्धा होते आणि आपल्या शाळेचा संघ तिथे पोचला की बँडला जावेच लागते. पारा ३५ अंशांच्या वर, डोक्यावर टोपी, गळ्यात ओला टॉवेल, आणि प्रत्येक फलंदाजासाठी वेगळी धून. नियम असा, की आपला संघ फलंदाजी करत असेल तेव्हाच वाजवायचे. समोरचा संघ खेळत असताना गप्प. ऊन एवढे, की लाकडी क्लॅरिनेट तडकायची भीती असते, म्हणून पुष्कळ जण प्लास्टिकची क्लॅरिनेट नेतात. आणि समजा, बेसबॉलचा सामना आणि बँडची स्पर्धा एकाच दिवशी आली तर? येते कधी कधी. मग जुने विद्यार्थी धावून येतात, शेजारच्या शाळेचा बँड मदतीला येतो, किंवा बँडची मुले दोहोंपैकी एक सोडतात. कुठले सोडायचे, हे ठरवताना कुणाचे तरी मन मोडतेच.

एका वर्षी मात्र कुणालाच काही ठरवावे लागले नाही. २०२० मध्ये करोना आला. फुंकून वाजवायची वाद्ये आणि तोंडावर मास्क, कसे जमणार? त्या मे महिन्यात कोशिएनची स्पर्धा रद्द झाली आणि बँडची ६८वी राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाली. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची बारा मिनिटे कधी आलीच नाहीत. तुमच्या घरात त्या वर्षी दहावी-बारावीला असलेले कुणी असेल, तर त्यांना विचारा. ती रुखरुख त्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

इथे थोडे आई-बाबांशी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, हे सगळे ऐकायला छान आहे, पण मुलांचा अभ्यास, झोप, खेळ? प्रश्न रास्त आहे आणि तो जपानमध्येही विचारला गेला. सकाळी शाळेआधी सराव, संध्याकाळी सराव, रविवारीही सराव, असे करता करता मुले आणि शिक्षक दोघेही थकून जायचे. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या सरकारच्या संस्कृती खात्याने कलांच्या क्लबांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेच्या दिवशी फार तर दोन तास, सुटीच्या दिवशी तीन तास, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस पूर्ण सुटी. सगळीकडे त्या मनापासून पाळल्या जातात असे नाही. काही मुलांनाच त्या आवडल्या नाहीत म्हणे, शेजारची शाळा जास्त सराव करील ही धास्ती! पण माझे मत विचाराल तर सूचना यायलाच हव्या होत्या. ओठ हे स्नायूच आहेत, त्यांनाही विश्रांती लागते. आणि लहान गावांत तर आता वेगळीच अडचण आहे : मुलेच कमी झाली आहेत. ५५ सोडा, पंधरासुद्धा जमत नाहीत. मग दोन-तीन शाळा मिळून एक बँड करतात आणि स्पर्धेत उतरतात.

ऑक्टोबरची राष्ट्रीय स्पर्धा पूर्वी बरीच वर्षे तोक्योतल्या ‘फुमोनकान’ सभागृहात होत असे. पाच हजारांच्या आसपास माणसे बसतील एवढे ते अवाढव्य होते आणि रंगमंचाची जमीन काळीभोर. ‘त्या काळ्या जमिनीवर एकदा उभे राहायचे’, हे कितीतरी मुलांचे स्वप्न. भूकंपात ही इमारत टिकणार नाही असे दिसल्यावर स्पर्धा तिथून हलली आणि २०१२ पासून अनेक वर्षे नागोया शहरात झाली. फुमोनकान पाडायच्या आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, तो रंगमंच काही दिवस सर्वांसाठी खुला ठेवला होता. पिकल्या केसांचे काका-काकू आपापली वाद्ये घेऊन आले आणि त्या काळ्या जमिनीवर वाजवून गेले.

नागोयावरून आठवले. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी ऐकली आहे ना? तिच्यातला बेंजो, म्हणजे आपले बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणे दाबून वाजवायचे, ते मूळचे नागोयाचेच! १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तिथे ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य बनवले. ते समुद्रमार्गे भारतात आले आणि आपले होऊन गेले. म्हणजे जपानी मुले युरोपची वाद्ये वाजवतात आणि आपण विसर्जनाला जपानचे. आहे की नाही मजा!

नोव्हेंबरमध्ये चालत वाजवायच्या बँडची, म्हणजे मार्चिंगची, स्पर्धा ओसाकाला होते. यात क्योतोच्या ताचिबाना हायस्कूलचा बँड फार गाजलेला. नारिंगी गणवेश, आणि ही मुले नुसती चालत नाहीत, नाचत, उड्या मारत वाजवतात. ट्रम्पेट ओठांशी धरून एकदा जागच्या जागी उडी मारून बघा, म्हणजे कळेल! अमेरिकेत पासाडेना शहरात १ जानेवारीला जी प्रसिद्ध ‘रोझ परेड’ निघते, तिच्यात हा बँड २०१२, २०१८ आणि २०२५ मध्ये सामील झाला. मार्ग जवळजवळ नऊ किलोमीटरचा.

हिवाळ्यात बँडचे छोटे छोटे तुकडे होतात. तीन ते आठ वादक, पाच मिनिटे, आणि समोर छडी हलवणारे सर नाहीत. एकमेकांच्या श्वासाकडे बघून सुरुवात करायची. थंडीत आणखी एक कटकट असते. गार हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, त्यामुळे नळीतला सूर उतरतो. उन्हाळ्यात उलट, सूर चढतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले ते सूत्र या मुलांना बोटे बधिर होताना शिकायला मिळते. म्हणून वाजवण्याआधी वाद्यात नुसती ऊबदार फुंक घालत बसतात.

आणि मग येतो मार्च. पदवीदान समारंभात बँड वाजवतो, त्याच सुमारास बहुतेक बँडांचा वार्षिक कार्यक्रमही होतो. इथे ना परीक्षक, ना घड्याळ. ५५ चा नियम नाही, त्यामुळे यादीत नाव नसलेलीही सगळी रंगमंचावर असतात. आई-वडील, आजी-आजोबा, मागच्या वर्षीचे विद्यार्थी समोर बसलेले असतात. प्रवेशपरीक्षा आटोपून तिसऱ्या वर्षाची मुले शेवटचे वाजवायला येतात. कार्यक्रम झाला, की ट्यूबा, युफोनियम, टिंपानी ही शाळेची वाद्ये शाळेतच राहतात. तेल घालून, पुसून, पेटीत.

यांतली पुष्कळ मुले पुढे कधीच वाद्य हातात घेत नाहीत. पण काही जण पगारातून पैसे साठवून स्वतःचे वाद्य घेतात आणि गावातल्या मोठ्यांच्या बँडमध्ये नाव घालतात. त्याच राष्ट्रीय स्पर्धेत कचेऱ्यांच्या आणि गावोगावच्या बँडांसाठीही एक विभाग असतो, बरं का. तिथेही बारा मिनिटेच मिळतात.